नवीन रोटाव्हेटर घेतला आहे. पहिलं ऑइल किती तासांनी बदलावं आणि रोज काय बघावं?

पहिलं ऑइल साधारण 50 तासांनी बदला. पण तुम्ही बदलायचं विचारताय, आधी आत ऑइल आहे का ते बघितलं का?

आमचं गाव चोपडा तालुक्यात. 2018 च्या मार्चात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची धसकटं, गाडायला सहा फुटी, 42 पात्यांचा रोटाव्हेटर आणला. मी गिअरबॉक्सचा लेव्हल बोल्ट, म्हणजे ऑइलची पातळी बघायचा बोल्ट, खोलायला पाना उचलला तर मोठे भाऊ म्हणाले, "नवं कोरं शे ते, त्याले काय तपासस?" पूजा झाली, नारळ फुटला, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, ट्रॅक्टरवर बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स करकरायला लागला. हात लावला तर चटका बसला. बोल्ट काढून बाभळीची काडी आत घातली, नुसतं टोक ओलं झालं. आतल्या क्राउन-पिनियन गिअरचे दात तापून निळे पडले होते.

डीलरचा मेकॅनिक आला आणि बिनदिक्कत म्हणाला, ड्रायव्हरनं रेस जास्त ठेवली. वॉरंटी नाकारली. भावांनी खर्चातले निम्मे पैसे सालदाराच्या सालातून कापले. अकरा वर्षं आमच्या घरी जेवलेला माणूस त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल सोडून गेला. भाऊ अजून चारचौघांत त्याचंच नाव घेतात. चूक आमची होती. गिअरबॉक्समध्ये ऑइल नसताना कोणीही चालवलं असतं तरी तेच झालं असतं. मी तेव्हा गप्प बसलो, हे मला आजही लागतं.

तर, सपाट जागेवर उभा करून बोल्ट काढा, ऑइल त्या भोकापर्यंत आलं पाहिजे. बाजूच्या गिअर-केसचंही बघा, ते सगळेच विसरतात. पात्यांचे नट पहिल्या तासानंतर आवळा आणि संध्याकाळी पुन्हा आवळा, कारण नटाखालचा रंग दबतो आणि नट ढिले पडतात. एक पातं हललं की ते जिथं बसतं त्या फ्लँजचं भोक मोठं होतं. ट्रॅक्टरपासून रोटाव्हेटर फिरवणारा दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस. आपल्याकडे केळी-कापसात ठिबकच्या नळीचे तुकडे राहतातच, ते रोटरला गुंडाळून टोकाचं सील कापतात, म्हणून रोज सोडवून काढा. पीटीओ शाफ्टची लांबीही मापून घ्या. शाफ्ट लांब असेल तर रोटाव्हेटर उचलताना तो गिअरबॉक्सचं बेअरिंग दाबतो.

ऑइलचा ग्रेड आणि तास तुमच्या पुस्तिकेत वेगळे असतील तर पुस्तिकेचंच ऐका. आणि हे आधीच लिहायला हवं होतं: खाली हात घालण्याआधी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, रोटाव्हेटरखाली लाकडी ओंडके लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही राहू नका.

डिलिव्हरीच्या दिवशी डीलरच्या माणसासमोर बोल्ट खोला, तुमच्या ड्रायव्हरला शेजारी उभं करा आणि मीटरचे तास लिहून त्या माणसाची सही घ्या. ती सही आमच्याकडे असती तर आमच्या सालदाराचे पैसे कापायची कोणाची हिंमत झाली नसती.