खोक्यावरचा देश आणि आतली वस्तू

‘माल कुठला?’ या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेत आहोत.

प्रश्न (सातारा) : चांगल्या भारतीय ब्रँडची म्हणून इस्त्री घेतली. घरी आल्यावर खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत ‘मूळ देश : चीन’ दिसले. बारकोड मात्र 890 ने सुरू होतो, म्हणजे भारताचा. यातलं खरं काय मानायचं?

उत्तर : खोक्यावरची बारीक अक्षरं. बारकोडच्या सुरुवातीचे 890 एवढंच सांगतात की कंपनीने तो क्रमांक बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस-वन इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल चीनमध्ये बनो की चाकणला, क्रमांक तोच राहतो. 690 ते 699 म्हणजे चिनी माल, टाळा, असे जे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात तेही याच कारणाने बिनकामाचे. आयात केलेल्या बंद पाकिटावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे. ते छापलेलं आहे, तेव्हा कंपनीने लपवलं असं म्हणता येणार नाही. तुम्ही ब्रँडचं नाव वाचलं, कडा वाचली नाही.

कडेवर तीन शब्द वेगवेगळे शोधा : ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, ‘इम्पोर्टेड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’. पहिला वस्तू बनवतो, दुसरा बंदरातून सोडवून आणतो, तिसरा आपलं नाव लावून विकतो. बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत फक्त तिसराच असतो.

पण देश कळला म्हणून इस्त्री कशी आहे ते कळत नाही. एकच कारखाना दोन ब्रँडांसाठी बाहेरून सारख्या दिसणाऱ्या इस्त्र्या काढतो आणि ऑर्डर देणाऱ्याने भाव जिथे तोडला असेल तिथे त्यांच्यात फरक पडतो. थर्मोस्टॅटचे (इस्त्री तापली की वीज तोडणाऱ्या भागाचे) संपर्कबिंदू हलके असले की ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात. मग इस्त्री बंदच होत नाही आणि कपडा जळतो. वायरमधलं तांबं बारीक असलं की ती मुठीपाशी, जिथे रोज वळते तिथे तुटते. या गोष्टी शांघायच्या मालातही घडतात आणि उल्हासनगरच्याही.

म्हणून देशापेक्षा कारखाना शोधा. इस्त्रीच्या पाटीवर आयएसआय चिन्ह असतं. त्याच्या वर मानकाचा क्रमांक (कुकरवर 2347, हेल्मेटवर 4151, छताच्या पंख्यावर 374) आणि खाली ‘सीएम/एल’ या इंग्रजी अक्षरांपुढे परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे मोफत ॲप उघडा, परवाना पडताळणीचा पर्याय घ्या आणि तो क्रमांक टाका. परवाना कंपनीला सरसकट मिळत नाही, ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्याला मिळतो. परदेशी कारखान्यालाही तसाच. त्यामुळे पडद्यावर जो पत्ता येतो, तो वस्तूचा खरा जन्मपत्ता.

तिथे चार गोष्टी जुळवा : वस्तूचा प्रकार, ब्रँड, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही. नकली मालात क्रमांक बहुधा खराच असतो, फक्त तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो; इस्त्रीवरचा क्रमांक टाकावा आणि सिमेंटचा कारखाना निघावा, अशातली गत. क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नका.

मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांवर सीएम/एल नसतो. त्यांच्यावर ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. ॲपमध्ये त्याचा पर्याय वेगळा आहे. या योजनेत नमुना प्रयोगशाळेत तपासतात आणि पुढची हमी उत्पादक स्वतः देतो. आयएसआयमध्ये कारखान्याचीही पाहणी होते, म्हणून आम्ही त्याला जास्त वजन देतो.

प्रश्न (इचलकरंजी) : फॅब्रिकेशनच्या कामाला ग्राइंडरची चायना डिस्क लावू की महागडी युरोपियन? कामगार म्हणतात चायनाची फुटते.

उत्तर : डिस्कवर काय छापलं आहे ते आधी बघा. 100 मिमीच्या (बाजारात चार इंची) चांगल्या डिस्कवर कडेचा वेग 80 मीटर प्रति सेकंद आणि 15,300 आरपीएम (मिनिटाला फेरे) अशी कमाल मर्यादा असते. तुमचं मशीन साधारण 11,000 ते 12,000 ने फिरतं, म्हणजे पुरेशी सूट आहे. आरपीएम छापलेलाच नसेल तर ती डिस्क कुठल्याही देशाची असो, दुकानातच ठेवा.

मग मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष कोरलेलं आहे का पाहा. ती वापरण्याची मुदत. डिस्कचे कण रेझिनने, म्हणजे एका चिकट पदार्थाने, बांधलेले असतात. ओल आणि काळ यांनी रेझिन कमजोर होतं. पावसाळ्यात शेडच्या फरशीवर पडून राहिलेली जर्मन डिस्क कोरड्या फडताळातल्या चिनी डिस्कपेक्षा जास्त धोक्याची.

डिस्क फुटण्याचं मोठं कारण मात्र वर्कशॉपमध्येच असतं. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून छोट्या मशीनला सात इंची, म्हणजे 180 मिमीची, डिस्क चढवतात. 180 मिमीच्या डिस्कची मर्यादा 8,500 आरपीएम. ती 11,000 ने फिरवली की कडेचा वेग सेकंदाला जवळपास 104 मीटर होतो. मग तुकडे होणारच. 16 मिमीचं भोक घासून मोठं करणं हा प्रकारही आजच बंद करा. डिस्क मध्यावर बसत नाही, थरथरते. कटिंगच्या पातळ डिस्कने आडवं घासू नका, ती बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते.

प्रश्न (नाशिक) : खोक्यावर ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ लिहिलं असेल तर जास्त पैसे द्यावेत का?

उत्तर : नाही. ‘जर्मनीत बनलेले’ आणि ‘जर्मन तंत्र’ ही वाक्यं वेगळी. दुसऱ्याला मोजमाप नाही. गंमत अशी की ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का मुळात इज्जत घालवायला आला. 1887 मध्ये ब्रिटनने कायदा केला, कारण जर्मन सुऱ्या-कात्र्या इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नावाने खपवल्या जात होत्या. पुढे माल सुधारला आणि त्याच शिक्क्याला भाव आला. स्विस घड्याळांचा नियम आज बराच स्पष्ट आहे : यंत्र स्विस, जोडणी आणि अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्ये, आणि 2017 पासून उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग तिथला. म्हणजे ‘स्विस मेड’ घड्याळातही बाकीचा 40 टक्क्यांपर्यंतचा खर्च बाहेरचा असू शकतो.

प्रश्न (नागपूर) : मुलगी अमेरिकेहून हेअर ड्रायर आणते आहे. तिकडचा माल टिकाऊ असतो म्हणे. इथे चालेल?

उत्तर : या बाबतीत ड्रायर कोणत्या देशात बनवला यापेक्षा कोणत्या देशासाठी बनवला ते महत्त्वाचं. तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. तापणाऱ्या तारेवर जवळपास दुप्पट व्होल्टेज आलं की ती सुमारे पावणेचार पट वीज खेचते आणि क्षणात जळते. पाटीवर ‘100–240’ असेल तरच प्लग बदलून वापरा. काही ड्रायरवर 125 आणि 250 असा सरकवायचा खटका असतो. तो आधी सरकवायचा, मग प्लग लावायचा. दोन्ही नसेल तर आणू नका म्हणून कळवा. व्होल्टेज उतरवणारा दीड हजार वॉटचा ट्रान्स्फॉर्मर ड्रायरपेक्षा जड आणि महाग पडेल.

प्रश्न (डोंबिवली) : आम्हाला स्वदेशीच घ्यायचं आहे. ऑनलाइन घेताना खात्री कशी करायची?

उत्तर : इच्छा रास्त आहे, त्यासाठी गुणवत्तेचं कारण द्यायची गरजही नाही. फक्त ‘भारतात जोडलेले’ आणि ‘भारतात घडवलेले’ यांत फरक असतो. सरकारी खरेदीत पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार ठरायला 50 टक्के स्थानिक वाटा लागतो, पण दुकानातल्या खोक्यावर तो टक्का छापलेला नसतो. ठिकाणाची खात्री हवी तर भौगोलिक मानांकनाचा (जीआय, म्हणजे नाव ठरावीक भागातल्याच मालाला लावता येतं असा) माल सोपा. कोल्हापुरी चपलेचं 2019 चं मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे एवढ्यांनाच आहे.

आयात वस्तूचा मूळ देश विक्रीच्या पानावर दाखवणं संकेतस्थळांवर बंधनकारक आहे. तो दिसला नाही किंवा पानावर भारत आणि खोक्यावर दुसराच देश निघाला, तर खोकं फाडण्याआधी चारही कडांचे फोटो घ्या, पानाचा स्क्रीनशॉट आणि बिल जोडा. आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवा. छापील मजकुराबाबतची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) कार्यालयातही देता येते. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवा, कारण तक्रार झाली की पानावरचा देश बदलायला मिनिटभर पुरतं.