पहिली करवंटी हाती घेताना

आपण नारळाच्या करवंटीपासून थेट टांगता दिवा करण्याचा मनोदय लिहिला आहे. तो जरूर करावा, परंतु पहिली वस्तू म्हणून साधी वाटीच घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. गोव्यातील घरात करवंट्या सहज मिळतात. विकत घ्यायचा तो केवळ पॉलिश पेपर (घासण्याचा खरखरीत कागद), 80, 150 आणि 220 क्रमांकांचा; क्रमांक जितका लहान, तितका पेपर जाड.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका घाईतून होतात. करवंटी पुरती वाळू द्यावी, म्हणजे आत चिकटलेले खोबरे सुरीने सहज सुटते. ओलसर करवंटीला, विशेषतः आपल्याकडील पावसाळ्यात, बुरशी धरते. त्यानंतर बाहेरचा काथ्या खरवडून 80 पासून क्रमाने घासावे. मधली पायरी गाळल्यास जाड पेपरचे ओरखडे तेल लावताच ठळक दिसू लागतात आणि सारे काम पुन्हा करावे लागते. घासताना तोंडावर रुमाल बांधावा, कारण ही धूळ फार बारीक असते.

- वाटीत खाद्यपदार्थ ठेवायचे असल्यास वार्निश टाळून खोबरेल तेल चोळावे.
- करवत आणि ड्रिल तूर्त विकत घेऊ नयेत.

पहिली वाटी पूर्ण झाली की अवश्य कळवावे. दिव्यासाठी छिद्रे पाडण्याविषयी तेव्हा सविस्तर लिहीन.