ब्राउझर तपासणीसाठी विंडोज ‘होम’ की ‘प्रो’?

प्रश्न : मी घरून वेबसाइट डिझाइनची कामे घेऊ लागले आहे. नवा लॅपटॉप घेताना दुकानदार विंडोज ११ होमऐवजी प्रो घ्या, असा आग्रह धरतो. निरनिराळ्या ब्राउझरवर साइट तपासायची तर प्रोच लागते, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे तिन्ही ब्राउझर होमवर जसे चालतात तसेच प्रोवर चालतात, त्यामुळे निव्वळ तपासणीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. प्रोमध्ये हायपर-व्ही (संगणकाच्या आत दुसरा, ‘आभासी’ संगणक चालवण्याची सोय), विंडोज सँडबॉक्स (तात्पुरते, वेगळे ठेवलेले कोरे विंडोज) आणि आपल्या संगणकावर दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने काम करण्याची सोय मिळते. यांपैकी सँडबॉक्स खरोखर उपयोगी आहे, कारण त्यात कोणतेही एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) किंवा कॅशे (आधी साठवलेली पाने) नसलेला कोरा ब्राउझर मिळतो आणि खिडकी बंद करताच आतले सारे पुसले जाते. मात्र आभासी संगणक होमवरही व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरने उभारता येतो.

खरी अडचण सफारी या अ‍ॅपलच्या ब्राउझरची आहे आणि ती प्रो घेऊनही सुटत नाही. अ‍ॅपलने विंडोजसाठी सफारी देणे २०१२ मध्येच थांबवले, आणि मॅकओएस (अ‍ॅपलच्या संगणकांची प्रणाली) आभासी संगणकात चालवण्याची परवानगी केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रांवर आहे. त्यातच आपल्याकडे आयफोनवरचे क्रोमसुद्धा आतून सफारीचेच वेबकिट इंजिन (पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) वापरते, म्हणजे लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये साइट ठीक दिसली म्हणून आयफोनवरच्या क्रोममध्येही ती तशीच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही. प्राथमिक तपासणीसाठी विंडोज ११ होममध्ये डब्ल्यूएसएल या विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीद्वारे उबंटू हे लिनक्स बसवून त्यात एपिफनी हा वेबकिटवर चालणारा ब्राउझर उघडता येतो. पण आयफोनवर कीबोर्ड वर आला की तळाशी चिकटवलेले बटण कुठे जाते, हे त्यात कळणार नाही. म्हणून प्रोसाठी बाजूला काढलेले पैसे एखाद्या वापरलेल्या आयफोनसाठी ठेवावेत, किंवा आठऐवजी सोळा जीबी रॅम घ्यावी, असे आम्हांला वाटते.

मराठी साइट करत असाल, तर प्रत्यक्ष उपकरण अधिकच गरजेचे ठरते. वेब-फॉन्ट (साइटसोबतच पाठवलेला फॉन्ट) दिला नसेल, तर विंडोजवर मजकूर बहुधा निर्मला यूआयमध्ये आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरीत दिसतो. दोहोंची उंची वेगळी असल्याने इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या तंग ओळ-अंतरात ‘र्की’सारख्या अक्षरातला रफार आणि वेलांटी वरून कापली जाण्याची शक्यता असते.

पुढे एखाद्या ग्राहकाच्या कामासाठी प्रो लागलीच, तर सेटिंग्जमधून पैसे भरून होमचे प्रो करता येते. त्यासाठी विंडोज नव्याने बसवावी लागत नाही.