सरपण फाडण्यासाठी ७ टनी विजेचे यंत्र घ्यावे की २० टनी पेट्रोलचे?

पनवेलजवळच्या शेतघरासाठी आपण हा प्रश्न विचारला आहे आणि सरपण आंबा, बाभूळ व चिंचेचे असल्याचे लिहिले आहे. माझ्या मते निर्णय टनांच्या, म्हणजे यंत्राच्या जोराच्या, आकड्यापेक्षा चिंचेवर अवलंबून आहे. सरळ धाग्याचा, फूटभर जाडीचा आंब्याचा ओंडका ७ टनांत सहसा फाटतो. मात्र चिंचेचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे आणि बाभळीला गाठी असल्यामुळे पाचर अर्ध्यात अडकते, तेलाचा दाब देणारा पंप घरघरत राहतो आणि ओंडका जागचा हलत नाही. असे लाकूड बरेच असेल तर पेट्रोलचेच घ्यावे.

पेट्रोलच्या यंत्रात पंप दोन टप्प्यांचा आहे का, हे विचारावे. लाकडाचा विरोध नसताना असा पंप दट्ट्या वेगाने पुढे नेतो आणि विरोध वाढताच वेग कमी करून दाब वाढवतो.

विजेचे यंत्र घेतल्यास २२०० वॅटची मोटर २३० व्होल्टवर साधारण १० अँपिअर घेते, म्हणून लांब व बारीक वायरची एक्स्टेन्शन वापरू नये. व्होल्टेज पडून मोटर तापते. अशा बहुतेक आडव्या यंत्रांना हवा सुटण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. काम सुरू करण्यापूर्वी तो थोडा सैल करावा लागतो, अन्यथा कोंडलेल्या हवेच्या दाबाने सील फुटून तेल गळू लागते. वापरलेले यंत्र घेणार असाल तर सर्वांत आधी सिलिंडरखालच्या जमिनीवर तेल गळले आहे का, ते पाहावे.

हात पाचरीपासून दूर राहावेत म्हणून दोन्ही हात चालवण्यात गुंतल्याशिवाय न चालणारेच यंत्र निवडावे, किंमत काहीही असो.