टेक्सासमध्ये बास मासा पकडायला पहिला रॉड-रील कोणता घ्यावा? निगा कशी राखायची?

डॅलसहून लेक फोर्कला जाणार असाल, तर 7 फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आणि 2500 आकाराचा रील घ्या. बेटकास्टिंगच्या (फेकताना ज्याची चकरी स्वतःच फिरते तो रील) मागे लगेच लागू नका, गुंता सोडवण्यातच सकाळ जाते. त्या तलावात बुडालेली झाडं जागोजाग उभी आहेत, म्हणून पैसे चांगल्या लाइनवर (गळाच्या दोरीवर) घाला. टेक्सासचा 18.18 पौंडांचा विक्रमी बास 1992 मध्ये तिथेच लागला होता.

प्रत्येक माशानंतर मी गळाजवळची हातभर लाइन चिमटीत धरून ओढतो. जराशी खरखर लागली की तेवढी कापून गळ पुन्हा बांधायचा. एकदा कंटाळा केला आणि चांगला मोठा मासा अगदी बोटीपाशी येऊन लाइन तोडून गेला. अजून हळहळ वाटते. घरी आलात की ड्रॅग (रीलमधला ब्रेक) सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

बोट असेल तर ट्रोलिंग मोटरची (बोट हळू चालवायची छोटी विजेची मोटर) बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावा. बोट बाहेर काढली की ड्रेन प्लग (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) काढून सगळं पाणी सोडा. झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले) एका तलावातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून टेक्सासमध्ये तसा नियमच आहे. आणि पुढच्या वेळी पाण्यात उतरवण्याआधी प्लग लावलाय ना, हे हाताने चाचपून बघा.