वाचकांचे प्रश्न : गोंदण, जोडवी आणि जपानी ओन्सेन

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमधील फुकुओका येथे राहतो. येत्या नोव्हेंबरात मी आणि माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाई त्याच्याकडे जाणार आहोत. कुमामोतो प्रांतातील कुरोकावा या डोंगरातल्या गावी, गरम झऱ्याची कुंडे (ओन्सेन) असलेल्या पारंपरिक अतिथिगृहात आम्हाला दोन रात्री ठेवण्याचा त्याचा बेत आहे. तेथे इतरांसमक्ष विवस्त्र होऊन स्नान करावे लागते असे कळल्यापासून सासूबाईंनी “मला आपले वज्रेश्वरीचे कुंड पुरे” असा धोशा लावला आहे. त्यांच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत. बेत रद्द करावा काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रद्द करण्याचे कारण नाही. मात्र आपण लिहिलेल्या सर्व गोष्टी चिरंजीवांनी आरक्षण करतानाच जपानी भाषेत कळवाव्यात. अशा अतिथिगृहाला र्‍योकान म्हणतात. तेथील दर बहुधा खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते, त्यामुळे आपल्या नावाचा बाजार आपण पोहोचण्यापूर्वीच भरून झालेला असतो. ऐन वेळी पानावर बसून ‘हे चालत नाही’ म्हटले, तर यजमानीण कमरेत वाकून दिलगिरी व्यक्त करील, पण त्या घटकेला तिच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

सासूबाईंना स्नानाची धास्ती वाटत असली, तरी मला अधिक काळजी वाटते ती आपल्या जेवणाची. ‘मांस-मासे खात नाही’ एवढेच सांगितले, तर जपानी स्वयंपाकी माशाचा तुकडा वगळतो, परंतु ‘दाशी’ तशीच राहते. कात्सुओ हा कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन आणि वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग लाकडी पेटीवर उलट्या बसवलेल्या रंध्याच्या पात्यावर तो घासून त्याच्या कागदासारख्या पातळ, गुलाबी ढलप्या काढतात. त्या गरम पाण्यात टाकून लगेच गाळल्या की जे निवळ, पिवळसर पाणी उरते तीच दाशी. ती मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सारात, शिजवलेल्या भाज्यांत आणि तेंपुरा या पिठात बुडवून तळलेल्या पदार्थाबरोबरच्या पातळ चटणीतही जाते. थंड टोफूवर तर खोबऱ्याचा कीस पेरावा तशा त्याच ढलप्या पेरलेल्या असतात, आणि मासा खाल्ल्याचे आपल्याला कळतही नाही.

म्हणून ‘कात्सुओऐवजी कोम्बू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी वापराल काय’ असा नेमका प्रश्न विचारावा. बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी ही पाकपरंपरा अशाच दाशीवर चालते, तेव्हा मागणी त्यांना सर्वस्वी अनोळखी नसते. तरीही एखाद्या लहान र्‍योकानने ‘जमणार नाही’ असे कळवले, तर त्यांचा सरळपणा समजून ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना मुक्कामाचे, आरक्षण करावे आणि शिधा बरोबर न्यावा. मेतकूट आणि तिथला वाफाळता भात यांचे चांगले जमते, हे मी अनुभवाने सांगतो. कुमामोतो घोड्याच्या कच्च्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, हे सासूबाईंना सांगावे की नाही ते आपण ठरवावे; पण तिथलीच ‘काराशी रेन्कोन’, म्हणजे भोकांत मोहरी आणि मिसो ठासून पिवळ्या पिठात तळलेली कमळकाकडी, पिठात अंडे नसल्याची खात्री करून अवश्य चाखावी. मोहरीची झणक थेट नाकात जाते.

आता स्नानाविषयी. काही जुनी ठिकाणे वगळता स्त्रिया आणि पुरुष यांची कुंडे वेगळी असतात. दाराच्या पडद्यावरील अक्षर मात्र प्रत्येक वेळी पाहावे, कारण अनेक र्‍योकानांत रात्रीचे पुरुषांचे कुंड सकाळी स्त्रियांना दिले जाते. आपल्याकडे कुंडात उतरले की स्नान झाले. तेथे स्नान आधी उरकायचे आणि मग कुंडात उतरायचे. कपडे टोपलीत ठेवून, हातात एक लहान पंचा घेऊन आत जावे, बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, साबणाचा अंशही उरू देऊ नये आणि मग सावकाश पाण्यात शिरावे. साडी, गाऊन, पोहण्याचा पोशाख यांपैकी काही चालत नाही. पंचादेखील पाण्यात न बुडवता घडी करून डोक्यावर ठेवायचा असतो. कोणी कोणाकडे पाहत नाही, असे सांगून सासूबाईंचा संकोच जाणार नाही. त्यांच्यासाठी ‘काशिकिरी’ कुंड मागावे. हे पाऊण-एक तासासाठी केवळ आपल्या कुटुंबाला मिळते आणि आतून कडी लावता येते.

गोंदणाचा प्रश्नही त्यानेच सुटेल. जपानमध्ये अंगावरची चित्रे गुन्हेगारी टोळ्यांशी जोडली गेली आहेत, आणि श्रद्धेचे किंवा कुळाचे गोंदण त्यांतून वेगळे काढण्याची सवय अद्याप सर्वत्र नाही. २०१३ मध्ये होक्काइडो येथे न्यूझीलंडच्या एका माओरी महिलेला चेहऱ्यावरील पारंपरिक गोंदणामुळे सार्वजनिक स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. २०१५ मध्ये तेथील पर्यटन विभागाने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी अशी बंदी असल्याचे आढळले, तर काही ठिकाणी झाकून घेतल्यास प्रवेश होता. गोंदण लहान असेल, तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून चालेल काय, हे विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट जोडव्यांची. गंधकयुक्त पाण्यात चांदी पाहता पाहता काळी पडते. वर्षानुवर्षे बोटात रुतलेली जोडवी तेथे ओढाताण करून काढण्यापेक्षा साताऱ्यातच सोनाराकडून सैल करून घ्यावीत.

रक्तदाबाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचे असते आणि नोव्हेंबरात बाहेरची हवा बोचरी असते. या दोहोंतील अंतर वृद्धांना बाधते. जेवल्यावर लगेच उतरू नये, तीन-चार मिनिटांत बाहेर यावे, झटकन उठू नये. दगड निसरडे असतात, म्हणून हात धरायला आपण जवळ असावे.

बिछाना बहुधा जमिनीवरच असतो, तेव्हा सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर पलंगाची खोली मागावी. आपण मात्र कुरोकावाची ‘न्यूतो तेगाता’ ही सुगी या जपानी झाडाच्या लाकडाची चकती घ्यावी. ज्या अतिथिगृहांना जागेअभावी उघड्यावर कुंड बांधता येत नव्हते त्यांच्याही पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून गावाने ती १९८६ मध्ये सुरू केली, आणि ती गळ्यात अडकवून तीन ठिकाणी स्नानाला जाता येते.

प्रश्न : ओन्सेनचे पाणी खरोखर झऱ्याचे आहे की नळाचे तापवलेले, हे कसे ओळखावे?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : १९४८ च्या जपानी कायद्यानुसार उगमापाशी किमान २५ अंश तापमान, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एकाचे पुरेसे प्रमाण असेल, तरच त्या पाण्याला ओन्सेन म्हणता येते, म्हणजे कोमट पाणी तापवूनही ते कायद्याने ओन्सेनच राहते. २००४ मध्ये एका नावाजलेल्या ठिकाणी पाणी दुधाळ दिसावे म्हणून भुकटी मिसळल्याचे उघड झाले. पुढच्या वर्षीपासून पाण्यात भर घातली आहे काय, ते तापवले, फिरवले किंवा जंतुनाशक घातले आहे काय, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. हा तक्ता बहुधा कपडे बदलण्याच्या खोलीत लावलेला असतो. त्यावर ‘गेन्सेन काकेनागाशी’ असे लिहिले असेल, तर उगमाचे पाणी कुंडात एकदाच येते आणि वाहून जाते.