निसर्गाचे फोटो आणि त्यांवरचे अभिप्राय : वाचकांच्या शंका

या वेळच्या टपालात निसर्गछायाचित्रणाविषयीची पत्रे बरीच आहेत. त्यांतली बहुतेक पत्रे कॅमेऱ्याविषयी नसून फोटो इतरांना दाखवल्यावर जे घडते त्याविषयी आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी डोंगर, नद्या, समुद्रकिनारे यांचे फोटो काढतो आणि छायाचित्रकारांच्या एका गटात ते नियमितपणे दाखवतो. ‘अप्रतिम’, ‘सुरेख’, ‘काय प्रकाश आहे’ असे शेरे भरपूर येतात. पण ‘उणिवा सांगा’ असे मुद्दाम लिहिले, की एक तर कोणी काहीच बोलत नाही किंवा ‘एकतृतीयांशाचा नियम पाळलेला नाही’ (म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन समान भाग करणाऱ्या रेषांवर क्षितिज किंवा विषय ठेवलेला नाही) एवढे लिहून लोक मोकळे होतात. उपयोगी पडेल अशी टीका मिळवायची कशी?

उत्तर : ‘उणिवा सांगा’ ही विनंती इतकी मोघम आहे, की तिला उत्तरही मोघमच मिळणार. एका वेळी एकच फोटो दाखवा आणि ज्याचे उत्तर पाहणाऱ्याला खरोखर देता येईल असा प्रश्न विचारा. नजर आधी पुढच्या खडकावर जाते की मागच्या शिखरावर? उजव्या कडेचे झाड नसते तर चौकट मोकळी वाटली असती की रिकामी? असे विचारले, की एरवी ‘सुरेख’ लिहून पुढे जाणारा माणूसही थांबून फोटो पुन्हा पाहतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. फोटोसोबत त्याची कहाणी लगेच सांगू नका. पहाटेची थंडी, दमछाक करणारी चढण, ढग फुटण्याची वाट पाहत काढलेला वेळ हे सगळे तुमच्या आठवणीत असते आणि फोटो पाहताना ते नकळत त्यात मिसळते. पाहणाऱ्याच्या हाती मात्र एक सपाट आयत असतो. ‘एकाकी वृक्ष’ असे शीर्षक दिलेत, तर प्रत्येकाला वृक्षच आधी दिसेल, आणि तो शीर्षकामुळे दिसला की मांडणीमुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून आधी शीर्षकाविना प्रतिक्रिया घ्या, आपला हेतू मागाहून सांगा आणि तो पोहोचला का, एवढेच विचारा. आलेला शेरा तपासण्याचीही एक सोपी युक्ती आहे : त्याच जागेवरून दुसऱ्या कोणी काढलेल्या फोटोलाही तो शेरा तितकाच लागू पडत असेल, तर ती त्या जागेची स्तुती समजावी, तुमच्या फोटोची नव्हे. या चाळणीतून फार थोडे शेरे खाली उतरतात. लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे ते), शटरचा वेग आणि दिवसाची वेळ या नोंदी जरूर द्या. फोटो कापला असेल, तर मूळ अखंड चौकटही शेजारी ठेवा, कारण कित्येकदा टाकून दिलेल्या भागातच उत्तर सापडते.

आता तो एकतृतीयांशाचा नियम. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ मध्ये, म्हणजे छायाचित्रण जन्माला येण्याच्या आधी, निसर्गदृश्ये रंगवणाऱ्यांसाठी मांडला होता. जमीन आणि आकाश यांनी चित्राची निम्मी-निम्मी वाटणी करून घेऊ नये, एकाचे वर्चस्व असावे, असा त्याचा रोख होता. सुरुवात करायला तो चांगला आहे, पण अभिप्राय म्हणून अपुरा आहे. संथ पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या फोटोत क्षितिज नेमके मध्यावर असण्यातच अर्थ असतो. उलट सपाट माळावर वादळी ढग दाटलेले असतील, तर जमिनीची जेमतेम एक पट्टीही पुरते. कोणी नियम दाखवला, तर शांतपणे विचारावे : क्षितिज खाली आणल्याने या फोटोला काय मिळेल आणि त्याच्यातून काय जाईल? उत्तर आले तर टीका उपयोगी. नाही आले तर सोडून द्यावी.

प्रश्न : मी दुसऱ्यांच्या फोटोंवर स्पष्ट मत लिहिते. अलीकडे एका नवोदिताच्या फोटोखाली ‘आकाश जळाले आहे, रंग भडक आहेत, क्षितिज तिरके आहे’ असे लिहिले, तर त्याने फोटोच काढून टाकला. स्पष्टपणा सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नये. मात्र तुम्ही सांगितलेले तिन्ही दोष खरे असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही, आणि एका दमात सांगितल्यामुळे ते सारखे झाले. तिरके क्षितिज क्षणात सरळ होते, भडक रंग थोड्या वेळात उतरवता येतात. पण आकाशाचा जो भाग पूर्ण पांढरा पडला आहे, तिथे सेन्सरने तपशील टिपलेलाच नसतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. तिथे सांगण्यासारखे एवढेच असते, की पुढच्या वेळी हिस्टोग्राम (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते पाहावे, किंवा आकाशासाठी आणि जमिनीसाठी वेगवेगळे एक्सपोजर (कमी-जास्त प्रकाश घेतलेले फोटो) घेऊन ते नंतर जोडावेत. आज काय सुधारता येईल आणि कशासाठी त्या जागी पुन्हा जावे लागेल, हे वेगळे करून सांगितले, की ऐकणाऱ्याला पुढचे पाऊल दिसते.

दोषासोबत त्याचे संभाव्य कारणही सांगावे, आणि येथेच जाणकाराची खरी कसोटी लागते. निळ्या आकाशात मध्येच एक गडद पट्टा दिसत असेल, तर पोलरायझर या आकाश गडद करणाऱ्या फिल्टरविषयी विचारा. त्याचा परिणाम सूर्याच्या दिशेशी ९० अंशांच्या कोनात सर्वाधिक असतो आणि दोन्ही बाजूंना तो कमी होत जातो. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवे सुमारे ९७ अंश पाहते, म्हणजे एवढ्या रुंद चौकटीत आकाश एकसारखे राहणे जवळजवळ अशक्यच. डोंगराच्या कडेने उजळ झालर दिसत असेल, तर सावल्या उचलताना (गडद भाग उजळताना) किंवा कॉन्ट्रास्ट वाढवताना हात सैल सुटला आहे. अगदी पुढच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळेच किंचित मऊ असेल, तर अ‍ॅपर्चरची नोंद पाहा : सगळे सुस्पष्ट यावे म्हणून एफ/२२ ठेवलेले आढळते, आणि एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन तीक्ष्णता उलट घटते. अशा वेळी त्याहून मोठ्या छिद्रावर, म्हणजे एफ/११ च्या आसपास राहून फोकस कुठे धरावा, यावर बोलणे अधिक फलदायी ठरते.

तिरक्या क्षितिजाबाबत थोडे सबुरीने घ्यावे. तलावाचा काठ आपल्यापासून तिरपा लांब जात असेल, तर कॅमेरा अगदी समतल असूनही तो काठ उतरता दिसतो. पाण्यात प्रतिबिंब असेल तर खात्री करता येते, कारण शिखर आणि त्याचे प्रतिबिंब यांना जोडणारी रेषा उभी असायला हवी. ती उभी असेल, तर कॅमेरा सरळच होता आणि दोष काढणाऱ्याने आपले शब्द मागे घ्यावेत.

शेवटी, जे जमले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावे. हे केवळ मन राखण्यासाठी नाही. नवोदिताला आपले काय बरोबर आले, हे पुष्कळदा ठाऊक नसते आणि टीका ऐकून तो तेही बदलून बसतो.

प्रश्न : माझ्या संगणकावर भरगच्च दिसणारे सूर्यास्ताचे रंग इतरांच्या पडद्यावर फिके आणि काळपट दिसतात. लोक त्यावरच टीका करतात.

उत्तर : फोटो बाहेर देताना तो एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगक्षेत्रात (दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीत) रूपांतरित करून, प्रोफाइल, म्हणजे रंगक्षेत्र कोणते याची नोंद, फाइलमध्येच ठेवून द्या. अ‍ॅडोबी आरजीबीसारख्या मोठ्या रंगक्षेत्रातली फाइल प्रोफाइलविना गेली, की रंग फिके पडतात. काळपटपणाचे कारण बहुधा तुमचा पडदा आहे : तो फार उजळ ठेवून काम केले, तर आपण फोटो नकळत अंधारा करून ठेवतो. पडद्याची उजळता उतरवा आणि डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर भरवसा ठेवा.

प्रश्न : डोंगरामागून उगवणाऱ्या पूर्ण चंद्राचा माझा फोटो पाहून दोघांनी ‘हा चिकटवलेला चंद्र आहे’ असे लिहिले. मी लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. खरेपणा सिद्ध कसा करावा? आणि मुळात संस्करण (फोटो काढल्यानंतरचे बदल) किती करावे?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर गणित देते. चंद्र आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी असते. २०० मिमीच्या लेन्सने चंद्राची प्रतिमा त्यावर सुमारे १.८ मिमीची पडते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा साधारण तेरावा भाग, तर २४ मिमीच्या लेन्सने ती सुमारे ०.२ मिमीची, म्हणजे एक ठिपका. तुमच्या अखंड चौकटीतला चंद्र लेन्सच्या नोंदीशी या हिशेबाने जुळत असेल, तर मूळ रॉ फाइलसह (कॅमेऱ्याने नोंदलेल्या, संस्करण न झालेल्या फाइलसह) तेवढे दाखवा. आणखी वाद घालू नका. रुंद लेन्सने टिपलेल्या दरीवर थाळीएवढा चंद्र दिसला, तर मात्र शंका घेणाऱ्यांचे बरोबर आहे. सावल्यांची दिशा हाही असाच साक्षीदार असतो : पूर्ण चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी उगवणाऱ्या अशा चंद्राच्या फोटोत डोंगरावरचा उरलासुरला सूर्यप्रकाश छायाचित्रकाराच्या पाठीमागून आलेला असायला हवा.

दुसरा भाग जुना आहे, संगणकाहून कितीतरी जुना. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास केलेल्या समुद्रदृश्यांपैकी काहींमध्ये आकाश एका निगेटिव्हचे आणि समुद्र दुसऱ्या निगेटिव्हचा आहे, कारण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या, की समुद्र नीट आला तर आकाश कोरे राहत असे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ मध्ये हर्नांडेझ या गावावर उगवलेला चंद्र टिपला, तेव्हा त्याला प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ असल्यामुळे त्याने एक्सपोजर मनातच ठरवले. त्याच निगेटिव्हवरून त्याने पुढे अनेक वर्षे प्रती काढल्या आणि नंतरच्या प्रतींत आकाश सुरुवातीच्या प्रतींपेक्षा कितीतरी काळे होत गेले. त्या प्रतींना कोणी खोटे म्हणत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने प्रमाणापेक्षा प्रामाणिकपणाचा मुद्दा मोठा आहे. उजळणे, गडद करणे, रंगांचा तोल सांभाळणे हे छायाचित्रणाचेच अंग आहे. दुसऱ्या दिवशीचे ढग आणून बसवणे हीसुद्धा कला असू शकते, पण मग तसे सांगितले पाहिजे. स्पर्धेत तर नियमावली हाच शेवटचा शब्द असतो. ब्रिटनमधल्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेच्या २०१२ सालच्या विजेत्या फोटोत बाहेरचे ढग घातल्याचे उघड झाले आणि तेवढे बदल नियमांत बसत नसल्यामुळे पारितोषिक काढून घेतले गेले. तोच फोटो ‘संयोजित’ अशा नोंदीसह एखाद्या प्रदर्शनात लावला असता, तर त्याच्या मांडणीवर आणि प्रकाशावर निवांत चर्चा झाली असती.

प्रश्न : फोटो कुठे काढला, हे सांगावे का? न सांगितल्यास लोक कंजूष म्हणतात.

उत्तर : म्हणू द्यावे. प्रदेशाचे किंवा डोंगररांगेचे नाव अभिप्रायाला पुरेसे असते. नेमका बिंदू कळल्याने कोणाची टीका अधिक चांगली होत नाही. रुळलेल्या ठिकाणी सांगायला हरकत नाही. मात्र नाजूक माती, दुर्मीळ वनस्पती, पक्ष्यांची घरटी किंवा वाट नसलेला उतार असेल, तर गप्प राहावे. कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या वसंतात पॉपीच्या बहराचे फोटो पसरले, तेव्हा इतकी गर्दी लोटली, की फुले तुडवली गेली आणि प्रशासनाला वाट काही काळ बंद करावी लागली. आणखी एक खबरदारी : फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश बहुधा आपोआप नोंदले जातात, तेव्हा फाइल देताना ती नोंद पुसली आहे ना, हे तपासा, नाहीतर मजकुरात लपवलेली जागा फाइल सांगून टाकते.